पासंग न लावलेलं टेबल

या घराण्यात चार पिढ्यांत कधीही काही कललेलं नाही. तराजू करणाऱ्यांना ते परवडतच नाही. सराफांचं सोनं, औषधवाल्यांच्या पुड्या आणि टपालखात्याची जाड पाकिटं यांच्याच काट्यांवर तोलली गेली. काटा मध्यावर येऊन थांबला की समोरचा माणूस वाद सोडून गुमान खिशात हात घाली, एवढा त्या काट्याचा दरारा.

अपवाद सांगायचेच तर किरकोळ आहेत. खुद्द मूळपुरुष कारखान्यातल्या तसबिरीत डाव्या अंगाला चांगलेच झुकलेले आहेत. पण झुकला होता तो फोटोग्राफर, यावर घरात एकमत आहे. आणि कारखान्याचे सध्याचे मालक दादा, रविवारच्या जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या ज्या कोनात जातात, तो कोन मोजायचं धाडस अजून कोणी केलेलं नाही.

तरी तत्त्व ते तत्त्व. म्हणून त्या रविवारी, ताईंच्या घरी भर चहात वहिनी म्हणाली, "मी एक कलणारं टेबल घ्यायचं म्हणतेय," तेव्हा बिस्किटं जिथल्या तिथे थांबली.

"कलणारं म्हणजे?" अण्णांनी विचारलं. दादांचे वडील, ऐंशी ओलांडलेले अण्णा, यांना ऐकायला व्यवस्थित येत असे. नको ते ऐकू आलं की ते पुन्हा विचारत, एवढंच.

"जुन्या पद्धतीचं, गोल. मधे एकच खांब, खाली तीन पाय. काम झालं की वरचं पान उभं करायचं आणि सगळं भिंतीला लावून ठेवायचं. आमचा हॉल अरुंद आहे ना."

"अरुंद नाही," दादा म्हणाले. "लांब आहे."

वहिनी म्हणजे दादांची बायको, घरातली थोरली सून. तिला सगळेच वहिनी म्हणत. धाकट्या दिराने म्हणावं हे ठीक. पण कारखान्यातले कारागीर, दूधवाला आणि चार माणसांत हाक मारायची वेळ आली की स्वतः दादासुद्धा. एकदा बँकेच्या अर्जावर तिने सहीच्या जागी तेच लिहिलं होतं, आणि बँकेने ते चालवून घेतलं होतं.

टेबलाचा विषय निघाला त्याला कारण होतं. सासूबाई गेल्यापासून रविवारचा चहा ताईंकडे होई. ताई म्हणजे थोरली नणंद, निवृत्त मुख्याध्यापिका. चहा हा आपला म्हणायचा शब्द. कारखान्यात नवीन यंत्र घ्यायचं का, कुणाच्या मुलाने काय शिकायचं, कुणाशी वर्षभर बोलायचं नाही, हे सगळं त्या चहावर ठरे. आणि अण्णांचा कप जी भरते ती या घराची बाई, हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणूनच ते पक्कं होतं. इतकी वर्षं तो कप ताई भरत आल्या होत्या. वहिनी बशा फिरवत आली होती. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गाळणी कुठे आहे हे विचारता विचारता तिच्या केसांत पांढरं आलं होतं.

आता ताईंच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला होता. घर विकलं गेलं होतं आणि ताई तळमजल्यावरच्या छोट्या जागेत जाणार होत्या. चहाला नवीन घर हवं होतं. ते आपलं असावं, असं वहिनीला जितकं वाटत होतं तितकं तिला आयुष्यात दुसरं काही वाटलं नव्हतं. आणि हे तिने दादांनासुद्धा सांगितलेलं नव्हतं. सांगून काही उपयोग झाला असता असंही नाही.

"पान उभं करायचं," अण्णा सावकाश म्हणाले. "मग ते आडवं राहीलच याची खात्री काय?"

"खिट्टी असते, अण्णा."

"खिट्टी," अण्णा म्हणाले. एखाद्या नातेवाइकाच्या व्यसनाचं नाव घ्यावं तसे म्हणाले.

"माझ्या टेबलाला कधी खिट्टी लागली नाही," ताई म्हणाल्या. "अख्खं घर बसायचं त्याच्याभोवती. बिचारं एकदाही उभं राहिलं नाही."

"ताई, तुमचं टेबल आमच्याकडे ठेवलं तर दार उघडणार नाही."

"मग दार बदला."

"अहो, एवढं कशाला?" धाकटी जाऊ म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता जरा खाली बघायची तिची सवय अजून कुणाच्या अंगवळणी पडली नव्हती. "आमच्याकडे या की सगळे. हॉल मोठा आहे, टेबल आहे, पार्किंग आहे."

वहिनीने हातातली बशी खाली ठेवली. धाकटीने हे सहज म्हटलं होतं, हेच वाईट होतं. ज्याला हवं असतं त्याच्याशी भांडता येतं; ज्याच्याकडे जागा असते त्याच्याशी काय भांडणार?

मदत अनपेक्षित बाजूने आली. धाकटीचा नवरा छोटू, ज्याला टक्कल पडून जमाना झाला होता, घसा खाकरून म्हणाला, "आपलं टेबल काचेचं आहे पण." घरातला एखादा आजार कबूल करावा तसा म्हणाला. रविवारी दुपारी तासभर झोप काढून मग ताईंकडे यायचं, हे त्याच्या आयुष्यातलं एकमेव गुपित होतं, आणि चहा घरीच आला तर ते गेलंच असतं.

"काचेचं," ताई म्हणाल्या. "हो, मागे एकदा आले होते ना. सगळ्यांचे पाय दिसतात त्यातून. पूर्ण वेळ मी दादाचे मोजे बघत होते."

"काय झालं माझ्या मोज्यांना?"

"काही नाही. दोन वेगवेगळ्या जोड्यांतले होते."

अण्णांनी कप खाली ठेवला. अण्णांनी कप ठेवला की बाकीचे तोंड मिटत. "टेबल बघू," ते म्हणाले. "पसंत पडलं तर चहा थोरल्याकडे. नाही पडलं तर काचेवर."

"बघू म्हणजे कोण कोण?" दादांनी विचारलं.

प्रश्नच चुकीचा होता. या घरात बादलीपेक्षा जड वस्तू सगळ्यांनी जाऊन पाहिल्याशिवाय घेतली जात नसे.

*

जुन्या वस्तूंचं दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. आत शिरायला वाट अशी नव्हतीच. कपाटं, आरसे, घड्याळं आणि एकमेकांवर चढवलेल्या खुर्च्या यांच्यातून जिथे माणूस मावेल तिथून जायचं. छोटू आत शिरला तो एका आरशाला "जरा सरका" म्हणाला. दुकानदार उंच, सडपातळ, गळ्याला रेशमी रुमाल बांधलेला माणूस होता. त्याच्याकडची प्रत्येक वस्तू एका न्यायाधीशाच्या घरातून आलेली होती. तो न्यायाधीश एकच असेल तर निकाल द्यायला त्याला वेळ कधी मिळत होता, असा प्रश्न पडावा इतकं त्याचं सामान होतं.

"घरी लोक येतात, चहा होतो, बोलणं होतं," दुकानदार म्हणाला. "समजलं. आधी हे बघा. बाजूच्या फळ्या उघडतात. न्यायाधीशांच्या दिवाणखान्यातलं."

ते चार पायांचं होतं. दादांनी नुसतं बोट लावलं आणि ते डुगडुगलं. दुकानदाराने खिशातून एक व्हिजिटिंग कार्ड काढलं, त्याची घडी केली आणि वाकून एका पायाखाली सरकवली. "झालं," तो म्हणाला.

अण्णा वळले आणि दाराकडे चालू लागले.

"काय झालं त्यांना?" दुकानदाराने विचारलं.

"आमच्यात पासंग लावत नाहीत," दादा खालच्या आवाजात म्हणाले.

तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या पारड्याला खालून शिशाचा नाहीतर मेणाचा तुकडा चिकटवतात, तो पासंग. बाजारात चालतो. या घरात पासंग हा शब्द लहान मुलांसमोर काढत नसत. काटा चुकला तर तो मोडायचा आणि पुन्हा करायचा, हा कारखान्याचा पहिला कायदा. तो हळूहळू घरात शिरला. खुर्ची डुगडुगली तर पायाखाली कागदाची घडी घालायची नाही, कानस आणायची आणि लांब पाय घासायचा. मग दुसरा लांब वाटू लागे. परिणामी या कुटुंबातल्या खुर्च्या इतरांच्या खुर्च्यांपेक्षा बऱ्याच बुटक्या होत्या, आणि पाहुणे उठताना आधार शोधत.

"अण्णा, थांबा," वहिनी म्हणाली. "ते नाहीच आहे. ते तिकडे आहे, तीन पायांचं."

तीन पाय म्हटल्यावर अण्णा थांबले. तीन पाय कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते परत आले.

टेबल कोपऱ्यात उभं होतं, पान वर करून, ढालीसारखं. गडद तपकिरी, अक्रोडाचं. कडेला बोटभर उंच, लाटेसारखी कोरलेली किनार, कप घसरू नये म्हणून. दुकानदाराने पानाला हात घातला, ते खाली आणलं, आणि पितळी खिट्टी टक्क करून बसली. तो आवाज वहिनीला फार आवडला. आपल्या घरात असा आवाज करणारी एकही वस्तू नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

त्यानंतर कुटुंब कामाला लागलं. छोटूने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि मग दुसरी मारली. धाकटीने पर्समधून छोटा टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा काढला, गुडघ्यांवर बसली आणि पानाच्या खाली बघू लागली.

"कीड लागून गेलीय इथे," ती खालून म्हणाली. "जुनी आहे. आता थांबलीय. ही पट्टी मात्र नंतर बसवलेली दिसते."

"बाई, ती न्यायाधीशांनी स्वतः बसवून घेतली होती," दुकानदार दुखावून म्हणाला.

"असेल. नीट बसवली नाही."

अण्णांनी कोटाच्या खिशातून पितळेची छोटी पाणसळ काढून पानावर ठेवली. काचेतला बुडबुडा मधल्या खुणेपासून जरा बाजूला गेला. अण्णांनी तो बघितला. मग टेप काढून पानाचा व्यास घेतला. एकदा असा, एकदा तसा. पुन्हा घेतला.

"हे गोल नाही," ते म्हणाले.

"तेच तर," दुकानदार म्हणाला. "म्हणूनच जुनं आहे. लाकूड रेषांच्या आडव्या अंगाने आकसतं, उभ्या अंगाने आकसत नाही. गोल केलेलं पान इतक्या वर्षांनी गोल राहत नाही. एकदम गोल हवं असेल तर ते तिथे आहे बघा, खिडकीपाशी. गेल्या वर्षीचं."

सगळे खिडकीकडे वळले. तिथे तसंच एक टेबल होतं. अण्णांनी मोजलं: गोल. पाणसळ ठेवली: बुडबुडा मधोमध. दाबलं: हललं नाही. दादांचा चेहरा उजळला. चार पिढ्यांची कमाई त्या बुडबुड्यात येऊन बसली होती.

"हेच घेऊ," दादा म्हणाले. "ते वाकडं कशाला?"

"वाकडं नाही ते," वहिनी म्हणाली.

"अगं, मोजलं की समोर."

वहिनीला खिडकीजवळचं टेबल नको होतं. का नको, हे तिला सांगता आलं नसतं. त्याची खिट्टी आवाज करत नव्हती, एवढंच तिला कळलं होतं. पण या घरात आवडतं म्हणून काही घेत नसत. कारण लागे, आणि तेही घरच्या भाषेत लागे.

"अण्णा," ती म्हणाली, "आपल्या काट्यावर कुणी घटलेला माल ठेवला तर तो काय करतो?"

"घटला असं दाखवतो."

"हे टेबल तेच करतंय. घटलंय, आणि घटलंय म्हणून दाखवतंय. लपवाछपवी नाही. ते खिडकीपाशी आहे ना, ते नवीन असून जुन्याचा आव आणतंय. मग खोटं कोण?"

दुकान शांत झालं. घड्याळंसुद्धा, म्हणजे ती आधीपासूनच बंद होती. दादांनी बायकोकडे बघितलं, आणि या बाईशी आपली कुणीतरी आधीच ओळख करून द्यायला हवी होती असा काहीसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला.

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाल्या.

वहिनीने चमकून मागे बघितलं. ताई एका न्यायाधीशी खुर्चीत बसल्या होत्या, गुडघा चोळत.

"माझ्याकडे बघू नकोस," ताई म्हणाल्या. "मला काचेखाली मोजे बघत म्हातारं व्हायचं नाही. चहा जायचाच आहे माझ्याकडून, तर लाकडावर जाऊ दे."

अण्णांनी पुन्हा एकदा जुन्या टेबलावर हात फिरवला, किनारीवरून, पूर्ण वाटोळा. म्हणजे जवळजवळ वाटोळा. "थोरलीला काटा कळतो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, टेबलालाच सांगितल्यासारखं.

दादा पुढचे चार दिवस हे वाक्य कारखान्यात भेटेल त्याला सांगत होते. आपणच निवड केली होती, या थाटात.

*

टेबल शनिवारी आलं. पान उभं असल्यामुळे लिफ्टमधून सरळ आलं, दारातून सरळ आत आलं आणि भिंतीला लागून असं उभं राहिलं की हॉलमध्ये काही नवीन आलंय हे शेजारणीला दोनदा सांगावं लागलं. वहिनीने पान खाली आणलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं. टक्क. दादा पेपर वाचत होते. "पुरे आता," ते म्हणाले, "खिट्टी झिजेल."

खिट्टी आधीच झिजलेली होती. रविवारी सकाळी छोटू पाणसळ, कानस आणि पितळी पट्ट्यांचे तुकडे घेऊन हजर झाला, तेव्हा ते उघड झालं. त्याच्याबरोबर धाकटीही आली होती. चहाच्या वेळी टेबल जिथे उघडायचं तिथे, हॉलच्या मधोमध, भावांनी ते मांडलं. बुडबुडा बाजूला गेला.

"फरशीला उतार आहे," छोटू म्हणाला.

"सगळ्याच फरशांना असतो," धाकटी म्हणाली. "पाणी जायला."

"म्हणून काय टेबलाने पण जायचं?"

त्यांनी एक पाय घासला. मग दुसरा. मध्यान्हापर्यंत बुडबुडा मधोमध आला, आणि दोघे भाऊ जमिनीवर बसून त्याच्याकडे असे बघत राहिले की वहिनीलाही क्षणभर अभिमान वाटला. टेबल इंचभर सरकवलं तरी हिशोब चुकणार होता, म्हणून छोटूने तिन्ही पायांच्या जागी फरशीवर खिळ्याने खुणा कोरल्या. फरशी वहिनीची होती, पण त्या वेळी ते कुणाला आठवलं नाही.

मग दादांनी पानाच्या कडेवर तळहात ठेवून दाबलं. पान किंचित खाली गेलं, केसभर, आणि परत आलं.

"हे अण्णांना चालणार नाही," दादा म्हणाले.

"नाही चालणार," छोटू म्हणाला.

"अण्णा हात ठेवणार."

"पहिलं तेच करणार."

धाकटीने वहिनीला कोपराला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"वहिनी, ऐका. खांबाच्या वरच्या ठोकळ्यावर पान टेकतं ना, तिथे चामड्याची एक पातळ चकती सरकवली की झालं. हलायचं बंद. पान वरखाली पण होईल. दाताला कॅप बसवताना मी रोज हेच करते. कागदाएवढं अंतर असतं, कुणाला दिसत नाही." तिने पर्स उघडली. "तुम्ही फक्त या दोघांना गच्चीत काहीतरी दाखवायला न्या. पाण्याची टाकी दाखवा. टाकी म्हटलं की हा कुठेही जातो."

वहिनीने चकतीकडे बघितलं. एवढीशी होती. आणि ती द्यायला आलेली बाई तीच होती, जिच्याकडे मोठा हॉल होता आणि जिला फक्त गप्प बसायचं होतं.

"तुला कशाला एवढं?" वहिनीने विचारलं.

"मला काय करायचाय चहा? आठवडाभर लोकांनी आ केलेला बघते. रविवारी मला कुणीतरी आयता कप हातात दिलेला हवाय."

असं म्हणून ती हसली, आणि पहिल्यांदाच वहिनीच्या डोळ्यांकडे बघून हसली.

वहिनीने चकती जवळजवळ घेतली. पण तिला एक कपाट आठवलं. लग्न होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. खोलीतलं कपाट दर उघडताना डुलायचं, म्हणून तिने एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी घातली होती. सासूबाईंनी ती संध्याकाळी काढून तिच्या हातात दिली. रागावल्या नाहीत. "आमच्यात पासंग लावत नाहीत," एवढंच म्हणाल्या. त्यातल्या पासंगाचं वहिनीला काही वाटलं नव्हतं. तो शब्द तिला तेव्हा माहीतच नव्हता. तिला लागलं होतं ते 'आमच्यात'. तिला ते पुष्कळ वर्षं लागत राहिलं होतं. गाळणी शोधताना, बशा फिरवताना, ताईंच्या घरातून रविवारी संध्याकाळी परत येताना. आणि त्या दिवशी दुकानात याच घरातल्या म्हाताऱ्याने चारचौघांत म्हटलं होतं की थोरलीला काटा कळतो.

तिने धाकटीची पर्स आपल्या हाताने बंद केली.

"आमच्यात पासंग लावत नाहीत," ती म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "अहो पण वहिनी, मग ते पान..."

"नीट करायचं तर नीट करायचं."

ती हॉलमध्ये आली. दादा आणि छोटू अजून जमिनीवरच होते; आजारी जनावराशेजारी बसावं तसे.

"पक्कं करा," वहिनी म्हणाली.

"पक्कं म्हणजे?" दादांनी विचारलं.

"पक्कं म्हणजे पक्कं. अण्णांनी हात ठेवला की हलता कामा नये. तुम्हाला जमत नसेल तर कारखान्यातून कुणाला तरी बोलवा."

कारखान्यातून कुणाला तरी बोलवा, हे त्या दोघांना कुणी जन्मात म्हटलं नव्हतं. छोटूने पितळी पट्ट्या उचलल्या. "खालून लावू," तो म्हणाला. "चार बाजूंनी. दिसणार नाहीत." दादांनी बाह्या वर केल्या. पुढचा तासभर टेबलाखालून फक्त दोन भावांचे पाय बाहेर होते, आणि मधून मधून "धर", "अजून", "वेड्या, माझं बोट" एवढंच ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत दोघांनी मिळून काही केलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा दोघांच्या डोक्यावर सारखाच भुसा होता, आणि छोटू दादांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. दादांनी तो झटकला नाही.

"आता हत्ती बसू दे," दादा म्हणाले.

खुर्च्या मावेनात, म्हणून सोफा तेवढ्यापुरता बाहेर जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

अण्णा वेळेवर आले. ताईंना हाताला धरून आणलं. अण्णा बसले नाहीत. त्यांनी पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मग त्यांनी किनारीवर तळहात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबलं. टेबल हललं नाही. अण्णांनी दुसऱ्या बाजूने दाबलं. तरी हललं नाही. ते थोडे वाकले, पानाखाली बघितलं, पितळ बघितलं, स्क्रूचे माथे सगळे एकाच दिशेला आहेत हे बघितलं.

"हं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या घरांत याला टाळ्या, हारतुरे आणि भाषण लागलं असतं. इथे छोटूचे डोळे भरून आले आणि त्याने धूळ गेल्याचं सांगितलं.

अण्णा बसले. वहिनीने किटली उचलली. तिने अण्णांचा कप भरला, काठापासून बोटभर खाली, आणि त्यांच्यासमोर ठेवला. कपातला चहा चारी बाजूंनी अगदी सारख्या उंचीवर होता. सगळ्यांनी तो बघितला.

"चांगला झालाय गं," ताई पहिल्या घोटानंतर म्हणाल्या. मग जरा थांबून, "गाळणी कुठे ठेवतेस तू?"

"खिडकीखालच्या खणात, ताई," वहिनी म्हणाली. असं उत्तर द्यायला मिळणं म्हणजे काय असतं, हे ज्याने आयुष्यभर फक्त विचारलेलं आहे त्यालाच कळेल.

निघताना दारात धाकटी थांबली. तिने टेबलाकडे बघितलं, मग भिंतीच्या त्या मोकळ्या जागेकडे, जिथे ते शनिवारी उभं होतं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "आता उभं करून दाखवा ना."

दादांनी छोटूकडे बघितलं. छोटूने टेबलाखालच्या पितळी पट्ट्यांकडे बघितलं. अण्णा बूट घालत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला उभं करायचं?" वहिनी म्हणाली. "चांगलं दिसतंय."

ती खरंच तसं म्हणाली, आणि खरंच ते चांगलं दिसत होतं.

शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून सोमवारी सोफा आत आला. तेव्हापासून हॉलमध्ये सोफा आहे आणि टेबल आहे; खुर्च्या मावत नाहीत. रविवारचा चहा वहिनीकडेच असतो, आणि अण्णांचा कप तीच भरते. सगळे चहा स्वयंपाकघरात, उभ्याने घेतात.